बॉम्ब नको, गंज हवा: मानवजातीच्या उतरणीची विज्ञानकथा कशी लिहायची

भविष्यातल्या ऱ्हासावर कथा लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच पानावर एक शहर जाळतो. मीही जाळलं होतं. माझी ती कथा महाविनाशानंतर ऐंशी वर्षांनी घडायची. नायकाला पडक्या गोदामात एक मोटारसायकल सापडते, टाकीत पेट्रोल असतं, तो किक मारतो आणि धुरळा उडवत निघून जातो. गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मित्राला ती वाचायला दिली. त्याने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ऐंशी वर्षं राहू दे, दोन वर्षं नुसती उभी ठेवून बघ."

साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांपासून फार तर दोन-तीन वर्षांत खराब होतं. हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर बसतो. त्या एका वाक्यात माझी कथा संपली, पण मला हवी असलेली खरी कथा तिथेच सापडली. व्यवस्था एखादी वस्तू मोडल्यामुळे ढासळत नाही, वस्तू रोजच मोडतात. मोडलेलं नीट करणारा माणूस उरत नाही, तेव्हा उतरण सुरू होते. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका समजुतीवर उभ्या आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच कथा आपण पहिल्यापासून बांधत नेऊ.

पहिली पायरी: एकच टंचाई निवडा, आणि ती मुठीत मावणारी असू द्या

पाणी नाही, अन्न नाही, वीज नाही, हवा विषारी, वर साथीचा रोग: एवढं सगळं एकदम आणलं की वाचकाला कशाचंच काही वाटत नाही. एक वस्तू घ्या. ती जितकी क्षुल्लक, तितकं बरं. मी चष्मा घेतो, त्यातही जवळचा, म्हणजे ज्याला आपण चाळिशी म्हणतो तो.

आता स्वतःला तीनदा विचारा, "बरं, मग?" डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि चाळिशी-पंचेचाळिशीनंतर जवळपास प्रत्येकाला बारीक अक्षर दिसेनासं होतं. बरं, मग? म्हातारी माणसं वाचू शकणार नाहीत. बरं, मग? तरुण वाचतील. आणि तरुणांना वाचायला कुणी शिकवलंच नसेल तर? इथे गाठ बसते. ज्यांना वाचता येतं त्यांना दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना वाचता येत नाही. मधे पंपाच्या दुरुस्तीची जुनी पुस्तिका पडलेली आहे आणि पंप बंद आहे.

तिसऱ्या प्रश्नापर्यंत अशी गाठ बसली नाही तर ती वस्तू सोडून द्या, दुसरी घ्या. सुई, मीठ, काडेपेटी, बेअरिंग, बियाणं, काहीही चालेल.

दुसरी पायरी: माणसं मोजा

कंटाळवाणी वाटणारी पायरी, पण नवखे लेखक इथेच सगळ्यात जास्त घसरतात. 'लोकसंख्या घटली होती' असं लिहून भागत नाही. किती, किती वर्षांत, आणि उरलेल्यांची वयं काय, हे कागदावर मांडायला हवं.

लोकसंख्या स्थिर राहायला एका स्त्रीमागे सरासरी २.१ मुलं लागतात. दक्षिण कोरियात २०२३ साली हा आकडा ०.७२ होता. तो तसाच राहिला असं धरून हिशेब करा: शंभर आजी-आजोबा, म्हणजे पन्नास स्त्रिया. त्यांची मुलं छत्तीस. त्यातल्या अठरा मुलींची मुलं तेरा. शंभराचे तेरा व्हायला दोन पिढ्या पुरतात, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकाच्या मध्यावर सुमारे १,०३० कोटींवर पोचून मग उतरू लागेल. म्हणजे उतरणीची कथा लिहायला कुठला धूमकेतू आणायची गरज नाही.

आपल्या कथेतली वस्ती तीन हजारांची धरू. सुरुवातीला वर्षाला ४० मुलं जन्मतात आणि दर तीस वर्षांनी हा आकडा निम्मा होतो. तिसाव्या वर्षी २०, साठाव्या वर्षी १०, नव्वदाव्या वर्षी ५. सगळे पंचाहत्तरीपर्यंत जगतात असं धरलं तर नव्वदाव्या वर्षी वस्तीत साधारण एक हजार माणसं उरतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढची असतात.

हे गणित करताना मला एक गोष्ट आपोआप मिळाली. पंचावन्नाव्या वर्षी जेमतेम अकरा मुलं जन्मतात. त्यांच्यासाठी शाळा चालवायची, की ते शिक्षक शेतात पाठवायचे? वस्तीने शाळा बंद केली. दुष्टपणा नव्हता, हात कमी होते. त्यामुळे नव्वदाव्या वर्षी चाळिशीच्या आतल्या कुणालाही अक्षरओळख नाही. पहिल्या पायरीतली गाठ मी ठरवून मारली होती, पण ती का बसली याचं कारण आकड्यांनी पुरवलं. म्हणून म्हणतो, आधी मोजा.

तिसरी पायरी: मोडण्याचं वेळापत्रक

एका कागदावर वर्षं आडवी लिहा, वस्तू उभ्या. प्रत्येक वस्तू दुरुस्तीवाचून किती टिकते ते भरा. थोडा अंदाज देतो.

शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं. सौर पॅनेल पंचवीस-तीस वर्षांनंतरही बऱ्यापैकी वीज देतं, पण त्याच्याबरोबरचा इन्व्हर्टर त्याआधीच जातो. म्हणजे छपरावर चांगलं पॅनेल आणि खाली अंधार, हे दृश्य अगदी खरं आहे. सळईच्या काँक्रीटमध्ये पाणी मुरलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटतं. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून चुरा होतो, तर चिंध्यांपासून केलेला त्याहून जुना कागद शाबूत राहतो. संकरित बियाण्याच्या पिकातून धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही. काच मात्र टिकते, जवळजवळ कायमची.

प्रत्यक्षातला एक नमुना डोळ्यांसमोर ठेवायचा असेल तर प्रिप्यात घ्या. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राजवळचं हे सुमारे ४९,००० वस्तीचं शहर तिथल्या अपघातानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी रिकामं केलं. चाळीसही वर्षं झाली नव्हती तेव्हाच रस्त्यांत आणि गच्च्यांवर झाडं वाढलेली होती. इमारती जाळायला कुणी आलं नाही. छपराची गळती बुजवायला कुणी नव्हतं, एवढंच.

वेळापत्रकातलं सगळं कथेत घालू नका. दहांतल्या दोन गोष्टी दाखवा, आठ तुम्हाला माहीत असू द्या. वाचकाला हा फरक कळतो.

चौथी पायरी: ज्ञान हरवताना दाखवा

इथे थोडं थांबणार आहे, कारण अशा कथांमधला सगळ्यात फसवा भाग हाच असतो. ग्रंथालय जळालं आणि ज्ञान गेलं असं आपण सरळ लिहून टाकतो. खरं ज्ञान जातं ते बहुधा कुणाच्या लक्षातही न येता.

स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने खलाशांना होणाऱ्या रोगाची गोष्ट बघा. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टराने बारा आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तरी नौदलाने खलाशांना लिंबाचा रस नियमित द्यायला १७९५ उजाडलं. रोग हटला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूमध्य सागराकडच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं आली. त्यांत क जीवनसत्त्व कमी, आणि रस हवेत उघडा राहून, तांब्याच्या नळ्यांतून जाताना ते आणखी घटायचं. पण तोवर वाफेची जहाजं आली होती, प्रवास लवकर संपायचा, म्हणून रस निकामी झालाय हे कुणाला जाणवलंच नाही. मग १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उफाळला. यावरून डॉक्टरांनी निष्कर्ष काय काढावा? लिंबावरचा त्यांचा विश्वासच डळमळला. दूषित डबाबंद मांसाला दोष देणारे सिद्धान्त पुढे आले. क जीवनसत्त्व हाती लागलं ते १९३० च्या सुमारास.

यात खलनायक नाही, आग नाही, बंदी नाही. उत्तर माहीत होतं. ते का लागू पडतं हे माहीत नव्हतं, म्हणून ते निसटलं तेव्हा कळलं नाही. तुमच्या कथेतली माणसं अशी कोणती गोष्ट 'करतात' पण 'का करतात' ते विसरली आहेत? या एका प्रश्नातून अख्खी कादंबरी निघू शकते.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. अमेरिकेच्या डब्ल्यू ७६ अण्वस्त्रात 'फॉगबँक' नावाचा एक गुप्त पदार्थ असतो. काही दशकांनी तो पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा जुना कारखाना उरला नव्हता, नोंदी अपुऱ्या होत्या आणि जाणकार कामगार निवृत्त झाले होते. खूप खटपटीने तो बनवला, तर तो नीट उतरेना. शेवटी उमगलं की मूळ कच्च्या मालात एक अशुद्धी होती आणि तीच आवश्यक होती. नव्या, जास्त चांगल्या शुद्धीकरणात ती निघून जात होती. मूळ कामगारांनाही ती आवश्यक असल्याचं ठाऊक नव्हतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या सगळ्यात जपलेल्या कारखान्यात हे घडतं, तर तुमच्या हजार माणसांच्या वस्तीत काय होईल?

आपल्या कथेत याचा उपयोग असा. पंपाच्या पुस्तिकेत 'वॉशर दर सहा महिन्यांनी बदला' असं लिहिलेलं आहे. वस्तीत दर सहा महिन्यांनी पंप उघडतात, पुसतात, पुन्हा लावतात आणि त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असते. वॉशर संपून तीस वर्षं झाली. उघडायचं लक्षात आहे, बदलायचं विसरले.

पाचवी पायरी: भोकं शोधा, मग त्या भोकांतून सत्ता आत येऊ द्या

आता स्वतःच्या कल्पनेवर वकिलासारखे तुटून पडा. चष्म्याच्या कथेत मला लगेच दोन भोकं दिसली. पहिलं: माणसं कमी झाली, तर मेलेल्यांचे चष्मे उरतीलच की! काच टिकते, असं वरच सांगितलंय. दुसरं: कागदाला सुईने बारीक भोक पाडून त्यातून पाहिलं, तर भरपूर उजेडात चष्म्यावाचूनही अक्षर दिसतं.

पहिली प्रतिक्रिया असते भोक बुजवण्याची: 'सगळे चष्मे एका पुरात वाहून गेले.' तसं करू नका. वाचक हसतो. त्याऐवजी भोक खरं माना. चष्मे भरपूर आहेत. मग ते लोकांच्या नाकावर का नाहीत? कारण ते कुणाच्या तरी कपाटात आहेत. टंचाई निसर्गाची असली तरी वाटप माणसाचं असतं. नुसत्या ऱ्हासाची कथा इथे दुःस्वप्नराज्याची कथा होते.

या सत्तेचा पहिला नियम शहाणपणाचाच असायला हवा. काचा फुटू नयेत म्हणून वस्तीने चष्मे एका जागी ठेवले. सगळ्यांना पटलं. मग ते नेण्याआधी नोंद करायची पद्धत आली. मग घरी न्यायचे नाहीत, तिथेच बसून वाचायचं. मग काय वाचणार हे आधी सांगायचं. चार पावलं, प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा बोटभरच पुढे. कोणत्या पावलावर आपण 'नाही' म्हटलं असतं, हे वाचकाला सांगता येऊ नये.

सत्ता टंचाईत कशी वागते याला इतिहासात आधार आहे. १३४७ ते १३५१ च्या प्लेगने युरोपातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं मेली. उरलेल्या मजुरांना अचानक भाव आला, ते जास्त मजुरी मागू लागले. इंग्लंडने १३५१ साली कायदा करून मजुरी साथीच्या आधीच्या दरावर बांधायचा प्रयत्न केला. माणसं कमी झाली की माणूस मोलाचा होतो, आणि मोलाचा झाला की त्याला बांधून ठेवावंसं वाटतं. हजारांच्या वस्तीत प्रत्येक तरुण हात सोन्याचा असणार, तेव्हा त्याला वस्ती सोडून जाऊ देतील का, याचं उत्तर कथेत कुठेतरी द्या.

सुईचं भोक मी मुद्दाम राखून ठेवलंय. ते नायिकेसाठी.

सहावी पायरी: शब्द झिजवा, नवे घडवू नका

'महायंत्र-नियंत्रक', 'जनन-अनुज्ञप्ती', 'ऊर्जाकवच'. असले शब्द दिसले की भविष्याचा नाही, सरकारी परिपत्रकाचा वास येतो. भाषा अशी बदलत नाही. वस्तू जाते, शब्द मागे राहतो आणि दुसऱ्याच कामाला लागतो. तबकडीचे फोन जाऊन किती काळ लोटला, तरी आपण अजून 'नंबर फिरव' म्हणतो. फिरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आपल्या वस्तीत 'चाळिशी' शब्दाचं काय झालं असेल? आज तो वयावरून चष्म्यावर आला. पुढे चष्म्यावरून परवानगीवर जाईल. 'त्याला चाळिशी मिळाली' म्हणजे त्याला वाचायची मुभा मिळाली, पर्यायाने तो बडा माणूस झाला. 'लाईट गेले' हे वाक्य विजेबद्दल उरणार नाही, एखाद्याची नजर गेली की म्हणतील. कथाभर असे पाच-सहा शब्द पुरतात. त्यांचा अर्थ समजावू नका, तिसऱ्यांदा आला की वाचकाला कळतोच.

सत्तेचे शब्द मात्र नेहमी मऊ ठेवा. कपाटांची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना मी 'सांभाळ' म्हणतो. "सांभाळकडून आलोय." या वाक्याने अंगावर काटा आला पाहिजे, आणि तो शब्दाच्या प्रेमळपणामुळेच येतो.

सातवी पायरी: सगळ्यात कमी माहिती असलेल्याच्या डोळ्यांनी पाहा

जुनं जग आठवणारं पात्र निवेदक केलंत तर तो सतत तुलना करत बसेल. 'पूर्वी इथे दिवे होते...' दर पानावर उसासे. ज्याने ते जग पाहिलंच नाही त्याला निवडा. त्याला काहीच गमावल्यासारखं वाटत नाही, गमावल्याची जाणीव वाचकाला होते. आणि 'तुला माहीतच आहे की आपल्या वस्तीत...' असं सुरू होणारा संवाद दिसला की तो परिच्छेद काढून टाका. दोघांना माहीत असलेली गोष्ट माणसं एकमेकांना सांगत नाहीत.

माझा सुरुवातीचा खर्डा असा:

"पंप उघडायच्या दिवशी आजीने मला माळ्यावर बोलावलं. तिच्या हातात बाभळीच्या काट्याने टोचलेलं एक पान होतं. 'उन्हाकडे पाठ कर गं,' ती म्हणाली, 'आणि यातून बघून सांग, हे पहिलं चित्र कसं आहे.' मला पानाची गरज नव्हती, मला तसंही दिसत होतं. पण तिला वाटायचं, सगळ्यांनाच त्या भोकातून बघावं लागतं. 'उभी काठी आहे,' मी म्हणाले, 'वर छप्पर. बाजूला वाकडा साप.' आजी हसली. मग तिने दार लावून घेतलं. 'तो साप नाही,' ती हळूच म्हणाली. 'त्याला आवाज आहे.'"

यात महाविनाश नाही, तारीख नाही, सांभाळचं नावही नाही. दार लावून घेणं एवढ्यावर भीती कळते. मुलीला अक्षर हे चित्र वाटतं, यावरून शाळा गेल्याचं कळतं. पहिल्या दृश्यात एवढंच पुरे.

आठवी पायरी: शेवट

दोन शेवट टाळा. सगळं उद्ध्वस्त होऊन काळोख पसरतो तो, आणि नायिका कपाट फोडून सगळ्यांना चष्मे वाटते तो. पहिला आळशी आहे, दुसरा खोटा. हजार थकलेली माणसं एका रात्रीत वाचायला लागत नाहीत.

उतरण थांबत नाही, पण एका ठिकाणी तिचा वेग बदलतो, असा शेवट शोधा. आपल्या कथेत मुलगी पंपाची पुस्तिका वाचते आणि तिला 'बदला' हा शब्द लागतो. दर सहा महिन्यांचा सोहळा मुळात अर्धाच आहे, हे वस्तीत फक्त तिला कळतं. वॉशर तर नाहीतच. आता ती हे सांगेल का? सांगितलं तर आधी विचारतील, तुला कसं कळलं. मी तिला पंपापाशी उभी करून थांबलो. चामड्याचा एक तुकडा तिच्या मुठीत आहे, एवढं वाचकाने पाहिलेलं असतं.

शेवटची तपासणी: वयं

खर्डा पूर्ण झाला की दुसरं काही तपासलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक पात्राचं जन्मवर्ष वेळापत्रकाच्या कागदावर टाका. माझी आजी नव्वदाव्या वर्षी एकाहत्तरची आहे, म्हणजे ती एकोणिसाव्या वर्षी जन्मली. शाळा तिने पाहिली, ते बरोबर. पण दुसऱ्या प्रकरणात ती वस्तीत वर्षाला चाळीस मुलं जन्मायची ते दिवस आठवून रडत होती. ते दिवस तिच्या आईचे. मी तो परिच्छेद खोडला नाही. शेजारच्या म्हातारीकडून एक वाक्य वदवलं, "अगं, ते तू पाहिलेलं नाहीस, आईकडून ऐकलंयस," आणि आजी त्यावर गप्प बसते.